दहा बोटांचा अहवाल

सर,

तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून उभी राहते. आत्ताही एकदा उठले आणि माझी मलाच लाज वाटून परत बसले. मी लातूरला असते. एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये समुपदेशक आहे, म्हणजे ज्या पोरांना झोप येत नाही, जेवण जात नाही, मार्क पडत नाहीत, त्यांना माझ्याकडे पाठवतात. आज रविवार. खालच्या तिन्ही मजल्यांवर टेस्ट चालू आहे, त्यामुळे इमारतीत सामसूम आहे आणि तीन तास कुणी वर येणार नाही. मी पन्नाशी ओलांडली, सर. जिना चढताना गुडघे दुखतात, आणि दिवसभर तीच ती रडगाणी ऐकून संध्याकाळी घरी कुणाचं काही ऐकावंसं वाटत नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती तुम्हालाच सांगता येईल. दुसऱ्या कुणाला सांगितली तर ते म्हणतील, एवढंच ना?

नांदेडच्या कॉलेजातला तुमचा पहिला तास मला आठवतो. मानसशास्त्र घेतलेले आम्ही अकरा जण होतो, त्यातले निम्मे दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेले. तुम्ही हजेरी घेतली नाही. टेबलाच्या कोपऱ्याला टेकून म्हणालात, "आज एका म्हाताऱ्याच्या दोन नातवांची गोष्ट सांगतो." म्हातारा इंग्लंडातला डॉक्टर. त्याची दोन लग्नं. एका घरातला मुलाचा मुलगा, दुसऱ्या घरातला मुलीचा मुलगा. म्हणजे दोघं आते-मामेभाऊ. पहिला जहाजातून जग फिरून आला आणि म्हणाला की सगळे जीव एका मुळापासून हळूहळू बदलत आले, माणूसही त्यातलाच. "मग शरीराला इतिहास आहे तर मनाला का नसावा?" असं विचारून तुम्ही आमच्याकडे बघत राहिलात. तोवर मनाचा विचार खुर्चीत बसून, डोळे मिटून करायची रीत होती. या माणसानं आपल्या तान्ह्या पोराची वही ठेवली, ते केव्हा चिडलं, केव्हा दचकलं, पहिल्यांदा केव्हा हसलं. कुत्र्याची भीती आणि माणसाची भीती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. लहान मुलांचं मानसशास्त्र, प्राण्यांचं मानसशास्त्र त्या वाटेनं आलं, असं तुम्ही सांगता आहात आणि मी मान खाली घालून भराभर उतरवून घेते आहे.

दुसऱ्या भावानं पहिल्याचं पुस्तक वाचलं आणि त्यातली एकच गोष्ट उचलली, की गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. न्यायाधीश, सेनापती, विद्वान अशांची घराणी त्यानं धुंडाळली आणि सांगून टाकलं की मोठ्यांच्या पोटी मोठे येतात, अक्कल रक्तात असते. मग लंडनच्या एका प्रदर्शनात त्यानं खोली मांडली. लोक आत जायचे आणि त्यांची नजर, कान, मुठीचा जोर, दम, सगळं मोजून मिळायचं. "आपल्या विषयातलं मोजमापाचं पहिलं दुकान हे," तुम्ही म्हणालात. मागच्या बाकावरून एक जण बोलला, "मग सर, ते खरं हाय का? रक्तात असती का अक्कल?" तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. "थोडं असतं. माझा दमा अब्बांचा आहे, नाकही त्यांचंच. पण न्यायाधीशाच्या पोराला बापाचं रक्त मिळतं तसं बापाचं घर मिळतं, पुस्तकं मिळतात, ओळखी मिळतात. ते त्यानं वजाच केलं नाही." आणि तास सुटायच्या आधी तुम्ही एक जास्तीची गोष्ट सांगितलीत. याच माणसानं पुढे असंख्य लोकांच्या बोटांचे ठसे जमवले. त्याला वाटलं, त्यात वंश दिसेल, स्वभाव दिसेल, हुशार आणि मंद वेगळे दिसतील. काही दिसलं नाही. हा माणूस तो माणूस नव्हे, एवढंच कळलं. "आणि हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं. एवढी इमानदारी त्याच्यात होती, तीही लिहून घ्या."

मी जळकोटची. वडील शाळेत शिपाई. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकण्याशिवाय दुसरा विषय नसायचा. नांदेडला मी एका घरात खोली घेऊन राहत होते. दुसऱ्या वर्षी मी कॉलेजात पहिली आले, तेव्हा घरमालकीण अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्यात कुठून आली गं एवढी अक्कल? सवलतीचे मार्क असतील." वही द्यायची होती म्हणून तशीच तुमच्या घरी आले, जुन्या गावातल्या त्या गल्लीत, जिथे खाली तुमच्या वडिलांचं पुस्तकं बांधायचं, जिल्दसाजीचं दुकान होतं आणि जिन्यात खळीचा वास यायचा. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मला पाटावर बसवलं, पुढ्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा ठेवला, आणि मी पहिला घास घेतला तशी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "छोड उसकू. इथं येऊन राहा तू." तुम्ही दारात उभे होतात, हातात चहाची बशी. मग म्हणालात, "बेटा, ती बाई काही नवीन बोलली नाही. ही गोष्ट आपल्याकडं लई जुनी आहे. त्या लंडनवाल्यानं तिला फक्त आकडे दिले." मी विचारलं, मग मी हा विषय कशाला शिकू? तुम्ही म्हणालात, "आकडे खोटे कुठं पडतात ते कळायला." तेव्हा मला ते पुरेसं वाटलं. खिचडी संपवून मी घरी गेले.

भूकंपाच्या वर्षी मी एम.ए.ला होते. पहाटे नांदेडलाही भांडी वाजली होती, पण किल्लारीकडे काय झालं ते दिवस वर आल्यावर कळलं. तीनेक आठवड्यांनी तुम्ही आम्हा पाच जणांना घेऊन गेलात. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेला तिथल्या मुलांची पाहणी हवी होती आणि तुम्ही होकार दिला होता, कारण त्या कागदांवरून काही मुलांची शाळेची, राहण्याची सोय होईल असं तुम्हाला सांगितलं होतं. टेम्पोत मी लाकडी फळी मांडीवर घेऊन बसले होते. फळीत खाचा, गोल, चौकोन, चांदणी. मुलानं तुकडे खाचांत बसवायचे आणि आपण घड्याळ लावायचं. तुम्ही वाटेत सांगत होतात की अशा चाचण्यांतली एक फ्रान्समध्ये शाळेच्या पोरांसाठी तयार झाली, ती कुणाला जास्त मदत लागते ते शोधायला. ती समुद्र ओलांडून अमेरिकेत दुसऱ्यांच्या हातात गेली, आणि त्या लोकांनी आलेला आकडा म्हणजे जन्माचा शिक्का मानला. मंद ठरलेल्यांना मूलबाळ होऊ नये म्हणून कायदेसुद्धा केले. मी ऐकत होते, पण खरं सांगायचं तर बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला दगडमातीचे ढीग, आणि ढिगांवर उभी असलेली माणसं.

पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यापुढे आठेक वर्षांची एक मुलगी आली. चुलता घेऊन आला होता. मी फळी मांडली, घड्याळ लावलं. तिनं गोल तुकडा उचलला आणि हातातच धरून बसली. वेळ संपली. मी दुसऱ्यांदा लावलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी कागदावर आकडा लिहिला आणि पुढच्या रकान्यात 'मंद' असा शब्द लिहिला, कारण तो रकाना होता आणि रांग मोठी होती. तुम्ही मागे येऊन उभे राहिला होतात. तुमचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "काय मोजून राहिलीस तू? तिची आई अजून सापडली नाही, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही तो कागद घडी करून खिशात घातलात आणि त्या मुलीसमोर जमिनीवर बसलात, दम्यानं छाती भरून आलेली, तरी बसलात. काही विचारलं नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं तुकडे फळीत नाही, मातीत मांडायला घेतले, एका ओळीत. चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "हे आमचं." त्याच्या शेजारी, "हे मावशीचं. हितं पिंपळ." अख्खी गल्ली मांडली तिनं. तुम्ही विचारलंत, "आणि हे गोल काय?" ती म्हणाली, "इहीर. ती पडली न्हाई." परतताना टेम्पोत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नांदेड आल्यावर उतरताना एवढंच म्हणालात, "उद्या तासाला ये." त्या 'ये'वर मी दहा वर्षं काढली असतील.

पुढे मी तासिका तत्त्वावर शिकवत राहिले, या कॉलेजात एक वर्ष, त्या कॉलेजात दोन. कायमची नोकरी काही लागली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी उदगीरला पेपर तपासत होते. निरोप उशिरा मिळाला, मी पोचले तोवर तुम्हाला नेलं होतं. काकूंच्या शेजारी त्या स्वयंपाकघरात बसून राहिले. नंतर लग्न, मुलगा, लातूर. इथे क्लासेस वाढत गेले, गल्लोगल्ली वसतिगृहं, मेस, चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे टांगलेले. भूकंपात अनाथ झालेल्या पोरांच्या पिढीनंतर इथे आलेली ही दुसरी पोरं, यांचे आईबाप आहेत आणि तरी रात्री त्यांना कुणी नाही. एका क्लासच्या मालकांनी मला बोलावलं. नावापुढे एम.ए. मानसशास्त्र लावायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मला महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता.

चार वर्षांपूर्वी क्लासमध्ये ते यंत्र आलं. पालक त्याला अंगठ्याचं मशीन म्हणतात. काचेवर दहाही बोटं एकेक करून ठेवायची, ठसे संगणकात जातात आणि रंगीत अहवाल बाहेर येतो. त्यात लिहिलेलं असतं की मुलाची जन्मजात तर्कशक्ती किती, स्मरणशक्ती किती, त्यानं डॉक्टर व्हावं की वकील. यंत्र बसवायच्या आधी असाच एक अहवाल माझ्या हाती आला, तेव्हा तुमचा तो पहिला तास आठवला. मालकांना सगळं सांगितलं, की ज्या माणसाला हे सगळ्यांत जास्त हवं होतं त्यानंच शोधून पाहिलं आणि काही मिळालं नाही म्हणून लिहून ठेवलं. मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, ते शंभर वर्षांमागचं झालं. हे सॉफ्टवेअर नवीन हाय. अन्‌ पलीकडच्या क्लासनं आणलंय, पालक तेच इचारून राहिलेत." अहवालाच्या तळाशी तज्ज्ञाच्या सहीची जागा होती. एक अख्खा हंगाम मी तिथे सही करत गेले.

मग पुढच्या जूनमध्ये एक दिवस रेणापूरकडचा एक माणूस त्याचा मुलगा आणि मुलगी घेऊन आला. टेम्पो चालवायचा. मुलगा बारावीत एकदा नापास झालेला, मुलगी त्याच वर्षी दहावी झालेली, गणितात, विज्ञानात छान मार्क. तो म्हणाला, "दोघांला न्हाई जमत मला, मॅडम. म्हणलं मशीनलाच इचारावं." अहवाल आले. मुलाच्या अहवालात नेतृत्व आणि जिद्द. मुलीच्या अहवालात लिहिलेलं होतं की जन्मजात तर्कशक्ती मर्यादित, कला आणि हस्तकौशल्याकडे वळवावे. मी म्हणाले, "याच्यावर जाऊ नका. मुलीचे मार्क बघा. या मशीनला काही कळत नाही." तो अहवाल उलटा-सुलटा करून बघत होता. तळाशी बोट ठेवून त्यानं विचारलं, "ही सही तुमचीच हाय न्हवं?" त्याचा आवाज साधा होता, चिडलेला नव्हता. मी हो म्हणाले. "मंग?" त्यानं विचारलं. त्यानं दोन्ही अहवाल जपून पिशवीत ठेवले, मुलाचा प्रवेश केला आणि गेला. ती मुलगी दारापर्यंत आपल्या बोटांच्या टोकांकडे बघत चालली होती.

दोन आठवडे मी स्वतःला सांगत राहिले की असं रोज होतं. मग एका रविवारी रेणापूरची गाडी धरली. घर शोधलं. मुलगी ब्लाऊजचं शिवण शिकायला जायला लागली होती. तिच्या आईनं चहा केला. मी मुलीला म्हणाले की तुला सायन्स घ्यायचं होतं ना? ती म्हणाली, "व्हतं वाटतं. पण आता गणित काढायला बसलं की वाटून राहिलं, हे आपल्यात न्हाईच, मंग कशाला." दोन आठवड्यांत, सर. दहा वर्षं शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या पोरीला चार पानांनी दोन आठवड्यांत हे पटवलं होतं. बाप आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हाव, आता म्हणून राहिलात. तवा सही का केली मंग?" मी म्हणाले, "भ्याले होते. नोकरी जाईल म्हणून." तो माझ्याकडे बघून हसला, बहुतेक त्याला ते कारण समजलं. "बरं, बघू," म्हणाला.

त्यानं बघितलं. मुलीला रेणापुरातच अकरावी सायन्सला घातलं, क्लासबिस काही नाही. मी महिन्यातून एकदा जाऊन तिच्यासोबत बसायचे, गणितासाठी नाही, नुसती. ती बारावी झाली, बेताच्या मार्कांनी, आणि आता लातूरला बी.एस्सी. करते. भाऊ चार महिन्यांत आमचा क्लास सोडून गेला, बापासोबत टेम्पोवर असतो आणि मला तरी सुखात दिसतो. मुलीनं काही नाव काढलेलं नाही. मशीन खोटं पाडायला तिला पुढे करावं असं मला कितीदा वाटलं, पण ती काही माझा पुरावा नाही, ती रोज बसनं कॉलेजला जाणारी एक पोरगी आहे. हे मात्र तुम्हाला आवडलं असतं असं वाटतं.

रेणापूरहून आल्यावर मी मालकांना सांगितलं की यापुढे सही करणार नाही. मला वाटलं होतं काढून टाकतील. ते म्हणाले, "ठीक हाय मॅडम. नका करू." आता तिथे संगणकच कुणाची तरी सही छापतो. यंत्र खालच्या मजल्यावर आहे, रांग असते. मी तिथेच काम करते. पालक विचारतात तेव्हा मी सांगते की हे खोटं आहे. काही ऐकतात, बहुतेक ऐकत नाहीत. नोकरी सोडलेली नाही. एवढा जीव आता माझ्यात उरलेला नाही.

हे लिहून नांदेडला जाऊन काकूंना वाचून दाखवावं असं सकाळी मनात होतं. त्यांना आता कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. आता नाही दाखवणार, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती त्यांच्यासमोर माझ्याच्यानं वाचली जाणार नाही. यंत्र बसवलं त्या दिवशी ते चालवणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, नमुन्याला तुमचेच घेऊ का?" सगळे उभे होते. मी दहाही बोटं ठेवली. अहवाल आला: तर्कशक्ती अतिउच्च, आकलन असामान्य, आणि पुढे, ही देणगी आनुवंशिक आहे. मी सगळ्यांसमोर हसले, म्हणाले, बघा, काहीही छापतं. मग खोलीत जाऊन दार लावलं आणि तो तीनदा वाचला. मला बरं वाटलं, सर. रक्ताची जी गोष्ट जन्मभर माझ्या विरुद्ध बोलत आली, ती पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली होती. दुसऱ्या दिवसापासून मी सह्या करायला लागले. रेणापूरला त्या माणसाला मी भ्याले होते असं सांगितलं, ते अर्धंच खरं होतं.

तो अहवाल मी फाडलेला नाही. गेल्या महिन्यात एकदा काढून वाचला.